हिंसा कोणाच्या वाट्याला येते? – दोन रकान्यांच्या मधली माणसं

पानगळ

दुसऱ्या एका धाग्यावर "धोका बायकांना जास्त की पुरुषांना" यावर गेला आठवडाभर हमरीतुमरी चालू आहे. तिथे प्रतिसाद लिहायला बसले आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतेय.

मी तीन वर्षं घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचं काम केलं. तब्येत, मुलं, लसी, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या मारहाणीचे प्रश्न. या शेवटच्या भागाचे नियम कडक असतात आणि असायलाच हवेत. एका घरात एकाच बाईला विचारायचं, कारण दोघींना विचारलं की आत काय विचारतात याचा बोभाटा होतो. एकांत नसेल तर विचारायचंच नाही. मधेच कोणी आत आलं तर विषय बदलायचा. "मुलाला गोवराची लस दिली होती का हो?" हे माझं ठरलेलं वाक्य होतं, कुठेही चालायचं.

एका घरात निवड झाली ती ऐकू न येणाऱ्या बाईची. बोलताही यायचं नाही. तिच्या खुणा कुठल्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या, घरातल्या घरात बनलेल्या होत्या, आणि त्या नीट कळायच्या त्या फक्त तिच्या मोठ्या जावेला. म्हणजे जावेला बाहेर पाठवावं तर हिला प्रश्न कळणार नाही, आणि जावेला बसवून घ्यावं तर एकांत गेला. पाच-सात मिनिटं मी नुसती चाळवाचाळव करत बसले. मग शेवटचा भाग कोराच ठेवून फॉर्म मिटायला घेतला. तेवढ्यात तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या कोऱ्या पानावर दाबून चार-पाच रेघा ओढल्या. कागद फाटला. जाऊ हसून म्हणाली, "तिला गंमत वाटते पेनाची."

संध्याकाळी पर्यवेक्षकांनी ते पान बदलून घ्यायला सांगितलं.

त्या रेघांचा अर्थ मी लावणार नाही. तिला कोणी मारत होतं की नव्हतं, मला खरंच माहीत नाही. मी अडकले आहे ती वेगळ्या गोष्टीवर. बायकांच्या तक्त्यात ती होती. अपंगांच्याही एखाद्या तक्त्यात असेल. पण ऐकू न येणारी बाई म्हणून तिला तो प्रश्न विचारायची सोय कुठेच नव्हती, आणि ती सोय काढून घेतली होती बायकांना जपणाऱ्या नियमानेच.

धोका आपण एकेका रकान्याने मोजतो: बाई की पुरुष, गरीब की श्रीमंत, जात, वर्ण, वय, अपंगत्व, कागदपत्रं असलेला स्थलांतरित की नसलेला. मला वाटतं, हिंसा करणारा माणूस मात्र असं मोजत नाही. तो एवढंच बघतो की हिच्यावर हात टाकला तर खपून जाईल का. आणि कुठे खपून जातं हे त्याला आपल्या तक्त्यांपेक्षा चांगलं कळतं. तुम्हाला काय वाटतं?

---

खटपट्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). सविस्तर नंतर.

या सगळ्याला मराठीत 'आंतरछेदीयता' म्हणतात असं कुठेतरी वाचलं होतं. उच्चारताना पहिला छेद जिभेचा जातो.

---

कोपरापासून_नमस्कार

प्रसंग चटका लावणारा आहे, पण प्रसंगावरून सिद्धान्त होत नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाचा २०२३ चा अहवाल घ्या. २०२१ मध्ये जगात सुमारे ४ लाख ५८ हजार खून झाले आणि बळींमध्ये ८१ टक्के पुरुष. विषमतेच्या शिडीवर वरच्या पायरीवर जो उभा आहे तोच जास्त मरतोय! मग शिडी कुठे गेली?

---

पानगळ

@कोपरापासून_नमस्कार, शिडी हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. :)

त्याच अहवालात पुढची पानं वाचा. खून झालेल्या बायकांपैकी ५६ टक्के जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कोणाच्या हातून गेल्या. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ११ टक्के. म्हणजे दोघं मरतात ती वेगळ्या जागी आणि वेगळ्या हातांनी. दोन्हीची एकच बेरीज करून "कोणाला जास्त" विचारलं की उत्तर येतं, पण कसलं उत्तर आलंय ते कळत नाही.

आणि ते ८१ टक्के पुरुष म्हणजे सरसकट पुरुष आहेत का? अमेरिकेत १५ ते ३४ वयाच्या काळ्या पुरुषांमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण अनेक वर्षं खून हेच राहिलं आहे. त्याच वयाच्या गोऱ्या पुरुषांमध्ये तसं नाही, आणि काळ्या बायकांमध्ये खुनाचं प्रमाण त्याहून बरंच कमी आहे. तरुण, पुरुष, काळा आणि बहुतेक वेळा वर्षानुवर्षं मोडकळीला आलेल्या वस्तीतला, हे सगळं एकत्र आलं की ते होतं. इथे पुरुष असण्याने धोका वाढला आहे. त्यामुळे तुमचा मुद्दा मला खोडायचाच नाही, तो धाग्याच्या विषयातच बसतो.

---

कोपरापासून_नमस्कार

ठीक. ५६ आणि ११ चा फरक माझ्या लक्षात नव्हता, मान्य. पण मग हा 'एकत्र आलं की' प्रकार सिद्ध कसा करायचा? नाहीतर कोणीही उठून दोन-तीन विशेषणं जोडेल आणि म्हणेल माझा गट सगळ्यात पीडित.

---

चतकोर

हा प्रश्न माझ्या पोटापाण्याच्या कामाच्या जवळचा आहे म्हणून लिहितो. आकडेमोड नको असेल त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.

समजा (आकडे कल्पित आहेत, कुठे उद्धृत करू नका) सर्वसाधारण गटात हजारी १० जणांवर वर्षभरात हल्ला होतो. 'अ' ही अडचण असलेल्यांत २०, 'ब' असलेल्यांत २०. ज्यांना अ आणि ब दोन्ही आहेत त्यांच्यात किती व्हावेत? बेरीज करणारा म्हणेल अ ने १० वाढले, ब ने १० वाढले, म्हणून ३०. गुणाकार करणारा म्हणेल अ ने दुप्पट, ब ने दुप्पट, म्हणून ४०. आता प्रत्यक्षात मोजले आणि ३५ निघाले. पहिला म्हणतो, बघा, नुसत्या बेरजेपेक्षा जास्त आहे, दोन अडचणी एकमेकींना पेटवतायत. दुसरा म्हणतो, छे, अपेक्षेपेक्षा कमीच आहे. दोघांसमोर आकडा एकच! या विषयावरचे निम्मे वाद मला या जातीचे वाटतात. मला विचाराल तर माणसांच्या दृष्टीने बेरजेचा हिशेब जास्त कामाचा, कारण हजारात जास्तीचे किती लोक मार खातायत ते त्यात दिसतं.

दुसरी अडचण संख्येची. तीस हजार लोकांची पाहणी केली आणि एखादा गट लोकसंख्येच्या एक टक्का असला तर त्याचे जेमतेम तीनशे जण हाती लागतात. त्यातल्या वर्षभरात मार खाल्लेल्या माणसांची संख्या इतकी छोटी असते की तक्त्यात आकड्याऐवजी फुली येते आणि खाली टीप: नमुना अपुरा. मग वाचणारा समजतो की तिथे काही नाही. फुलीचा अर्थ शून्य नव्हे, एवढं तरी लोकांनी लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट मला व्यक्तिशः फार झोंबलेली. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून घरोघरची गुन्हेगारी पाहणी चालते, पोलिसांत न गेलेले गुन्हेही तीत येतात म्हणून जगभर तिचा दाखला देतात. त्यात एकाच माणसाकडून एकाच प्रकारची मारहाण पुन्हा पुन्हा होत असेल तर ती वर्षात कितीही वेळा झालेली असो, मोजताना पाचच धरायची. बाई म्हणाली साठ वेळा, तरी पाच. कारण दिलं जायचं ते तांत्रिक: थोड्याशा लोकांच्या मोठ्या आकड्यांमुळे दर वर्षीचा अंदाज उड्या मारतो. ते खोटं नाही, आम्हीही टोकाचे आकडे छाटतो. पण इथे छाटलं जात होतं कोण? जिला सोडून जाता येत नाही ती. पैसा नाही, दुसरं घर नाही, कागदपत्रं नाहीत. एकदा मार खाऊन निघून गेलेली पूर्ण मोजली जायची, निघू न शकलेलीचे पाचावरचे फटके वजा. २०१६ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या सिल्व्हिया वॉल्बी आणि सहकाऱ्यांनी ही मर्यादा काढून गणित पुन्हा मांडलं तेव्हा हिंसक गुन्ह्यांची संख्या ६० टक्क्यांनी फुगली. २०१९ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने पाचची अट बदलली.

---

खटपट्या

साठ वेळा आणि पाच. हे वाचून जेवायला उठलो ते परत ताटावर बसवेना.

---

सरळमार्गी

सगळं खरं असेल, पण माणसाची स्वतःची काही जबाबदारी असते की नाही? अपरात्री फिरायचं, अनोळखी गाडीत बसायचं, नको त्या वस्तीत जायचं आणि मग विषमतेच्या नावाने बोटं मोडायची. घराबाहेर पडताना डोकं वापरलं तर निम्मे प्रकार टळतील. हे कोणी बोलत नाही, मी बोलतो. रोष ओढवून घ्यायला तयार आहे.

---

चतकोर

सरळमार्गी, रोष कशाला, तुमच्या म्हणण्याला चक्क एक सिद्धान्त आहे. १९७८ मध्ये हिंडेलँग, गॉटफ्रेडसन आणि गॅरोफालो या तिघा गुन्हेगारी-अभ्यासकांनी मांडला: माणसाची रोजची राहणी त्याला धोक्याच्या कितपत जवळ नेते यावर त्याचं बळी पडणं अवलंबून असतं. पुढच्याच वर्षी कोहेन आणि फेल्सन यांनी सांगितलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी यायला लागतात. करायला तयार असलेला माणूस, सावज, आणि राखणदाराची गैरहजेरी.

पण लोक त्यातलं 'राहणी' एवढंच उचलतात. त्या तिघांनी आधीच लिहून ठेवलंय की राहणी माणूस मोकळेपणी निवडत नाही, समाजातली त्याची जागा ती ठरवते. पहाटे चारला कचेऱ्या झाडायला जाणारी बाई पहाटे चारला फिरायची आवड म्हणून जात नाही. (आणि वर दिलेल्या ५६ टक्क्यांचं काय? त्यांना तर घरातल्यांनीच मारलं.)

---

धुकं

"अनोळखी गाडीत बसायचं" यावरून लिहिते, कारण याचं अख्खं एक उदाहरण रस्त्यासकट अस्तित्वात आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट असा सुमारे सातशे किलोमीटरचा रस्ता आहे, महामार्ग १६. लोक त्याला 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात. १९७० पासून तिथून बायका आणि मुली नाहीशा होत गेल्या, काहींचे मृतदेह सापडले, काहींचा पत्ताच नाही. बहुसंख्य मूळ रहिवासी समाजांतल्या. का? तर डॉक्टर, दुकान, नोकरी, नातेवाईक, सगळं पुढच्या गावाला. घरात गाडी नाही. सोयीची बस नव्हती. मोबाइलची रेंज मैलोन्‌मैल नव्हती. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून अंगठा दाखवायचा आणि थांबेल त्या गाडीत बसायचं. सरळमार्गींच्या भाषेत ही झाली तिची चूक.

२००६ मध्ये या प्रश्नावर तिथे परिषद भरली आणि तिने ३३ शिफारशी केल्या. गावागावांना जोडणारी बस हवी, ही त्यातली अगदी ठळक. या रस्त्यावरच्या गावांना जोडणाऱ्या नव्या बसफेऱ्या सुरू झाल्या २०१७ मध्ये. अकरा वर्षं! एक बस!

पण नुसती बस नाही म्हणून इतकं होत नाही. गोरी, बऱ्या घरातली मुलगी त्या रस्त्यावर नाहीशी झाली की काय होतं आणि मूळ रहिवासी मुलगी झाली की काय होतं, यातला फरक तिथले लोक वर्षानुवर्षं सांगत आले. "पळून गेली असेल, दारूच्या नादाला लागली असेल, येईल परत." २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय पोलिस दलानेच मोजदाद केली: १९८० ते २०१२ या काळात खून झालेल्या वा नाहीशा झालेल्या मूळ रहिवासी बायका-मुली १,१८१. देशातल्या बायकांमध्ये त्यांचं प्रमाण ४.३ टक्के, खून झालेल्या बायकांमध्ये १६ टक्के.

पानगळ, तू 'खपून जाणं' म्हणतेस ना, त्याचं याहून उघडं रूप व्हँकुव्हरमध्ये दिसलं. शहराच्या सगळ्यात गरीब भागातून बायका गायब होत होत्या. अनेक जणी मूळ रहिवासी, बऱ्याच व्यसनात अडकलेल्या, देहविक्री करणाऱ्या. रॉबर्ट पिक्टन नावाच्या डुक्करपालन करणाऱ्या माणसाच्या शेतावरून १९९७ मध्ये एक बाई भोसकलेल्या अवस्थेत जीव वाचवून पळाली. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लागला आणि १९९८ च्या सुरुवातीला सरकारी पक्षाने तो खटला थांबवला. का, तर ती व्यसनी आहे, साक्षीदार म्हणून टिकणार नाही. तो पकडला गेला २००२ मध्ये. शेतावर ३३ बायकांचे अवशेष किंवा डीएनए सापडले. सहा खुनांसाठी शिक्षा झाली.

यातला एकेक रकाना सुटा घ्या. गरीब बाईचं म्हणणं कदाचित ऐकलं असतं. देहविक्री करणाऱ्या बाईचंही, आढेवेढे घेत. व्यसनी बाईचं, ती चांगल्या घरातली असती तर नक्कीच. तिन्ही एकीत आले आणि पोटात सुरा खाल्लेली, स्वतः साक्ष देऊ शकणारी जिवंत बाई सरकारी पक्षाच्या लेखी पुरावा म्हणून संपली.

---

सरळमार्गी

बसचा मुद्दा मान्य. बाकी विचार करतो.

---

गाऊनवाली

(काळ्या कोटावरचा गाऊन. दर वेळी सांगावं लागतं.)

धुकं यांनी कोर्टाचा विषय काढलाच आहे तर दोन निकाल सांगते. दोन वेगळे देश, मध्ये पंचेचाळीस वर्षं, आणि अडचण तीच.

पहिला १९७६ चा, अमेरिकेतला. हिंसेचा नाही, नोकरीचा आहे, पण सगळी चर्चा तिथून सुरू झाली म्हणून सांगते. पाच काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला. कंपनीने १९६४ पूर्वी एकाही काळ्या बाईला कामावर घेतलं नव्हतं. पुढे मंदी आली, शेवटी आलेल्यांना आधी काढायचं ठरलं, तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका गेल्या. न्यायालय म्हणालं, लिंगभेद म्हणता? कंपनीत बायका होत्या. त्या गोऱ्या आणि कचेरीत. वर्णभेद म्हणता? काळे कामगारही होते. ते पुरुष आणि कारखान्यात. दोन्ही आरोप सुटे मांडा, एकत्र मांडायची मुभा दिली तर गणितातल्या क्रमचय-संचयासारखे नवनवे वर्ग पैदा होतील, अशी भीती निकालात व्यक्त केली आहे. (कोपरापासून_नमस्कार, "कोणीही उठून विशेषणं जोडेल" ही तुमचीच शंका. तुमच्या आधी न्यायाधीशांना आली होती.) याच निकालावर कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये लेख लिहिला, आणि खटपट्यांची जीभ छेदणारा तो मूळ इंग्रजी शब्द तिथून रूढ झाला. त्यांचं उदाहरण चौकाचं होतं. चौकात उभ्या असलेल्या माणसाला चारी बाजूंनी येणारी वाहनं ठोकरू शकतात, आणि कोणत्या गाडीने ठोकरलं ते सिद्ध झाल्याशिवाय रुग्णवाहिका येणार नाही, असा तो न्याय.

दुसरा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा, २७ एप्रिल २०२१ चा. पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश. अनुसूचित जातीतली, जन्मापासून दृष्टी नसलेली तरुणी, तिच्यावर २०११ मध्ये घरात बलात्कार झाला. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. तिने त्याला ओळखलं ते आवाजावरून. बचाव पक्षाने आक्षेप घेतला, दिसत नाही तर ओळखलं कसं? न्यायालयाने तो उडवून लावला, अपंग साक्षीदाराची साक्ष अपंगत्वामुळे कमी वजनाची ठरत नाही असं स्पष्ट लिहिलं, जन्मठेप कायम केली. जात, लिंग आणि अपंगत्व एकाच ठिकाणी येतात तेव्हा काय होतं यावर निकालात पानंच्या पानं आहेत, क्रेनशॉ यांचाही दाखला आहे.

आणि एवढं सगळं लिहून अॅट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द करावी लागली. कारण गुन्ह्याच्या वेळी कायद्याचे शब्द असे होते की ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, असं सिद्ध व्हायला हवं. आता सांगा, ती बाई होती म्हणून, दिसत नव्हतं म्हणून, की दलित होती म्हणून? आरोपीच्या मनात शिरून एक कारण वेगळं काढून दाखवा! २०१६ च्या दुरुस्तीने 'या कारणावरून' ऐवजी ती त्या जातीची आहे 'हे माहीत असताना' असे शब्द आले. चार-दोन शब्दांचाच फरक, पण हा गुन्हा त्याआधीचा.

कोर्टात रोज उभं राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

---

चाकांवर

मी वाचनमात्र असते, पण हे लिहायलाच हवं.

मी व्हीलचेअर वापरते. पानगळ ज्या प्रश्नावलीबद्दल बोलते आहे तसले प्रश्न मलाही एकदा विचारले गेले. थोबाडीत मारली का, ढकललं का, लाथ मारली का, गळा दाबला का. मी सगळ्यांना "नाही" म्हटलं आणि ते खरं होतं.

माझ्याकडे तेव्हा जे माणूस देखभालीला होतं ते रागावलं की माझी खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचं. बस. हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. खुर्ची सहा पावलांवर, आणि मी पलंगावर. बॅटरीची खुर्ची आली तेव्हा चार्जर कपाटाच्या वरच्या फळीवर जायला लागला. एकदा सकाळी अकरापासून दिवे लागेपर्यंत मी बाथरूमला गेले नव्हते. यासाठी फॉर्मवर चौकोन नव्हता. आणि तक्रार कोणाकडे करणार? पोलिस स्टेशनला सात पायऱ्या आहेत, आणि त्या मला चढवणार तेच माणूस.

२०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचे दोन आढावे आले होते. अपंग प्रौढांवर हिंसेची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट, मानसिक आजार असलेल्यांमध्ये जवळपास चौपट, अपंग मुलांमध्ये ३.७ पट. वेड लागलेला माणूस म्हणजे अंगावर येणारा, असं सगळ्यांना वाटतं. मार खाणारा तो असतो. आणि हे आकडे चौकोन असलेल्या हिंसेचे आहेत, एवढंच म्हणते.

एक पुस्ती. मी शिकलेली आहे, कमावते, म्हणून ते माणूस बदलू शकले. हा रकानाही मोजा.

---

पानगळ

@चाकांवर, काय लिहू कळत नाही. लिहिलंस हे बरं केलंस.

---

उंबरठा

चर्चा छान चालली आहे पण एक काटा मी टाकतो. सगळे म्हणतायत मोजा, नीट मोजा, बारीक गट करून मोजा. मोजल्यावर ते आकडे कोणाच्या हातात पडणार?

वर क्रेनशॉ यांचं नाव आलं. त्यांच्याच १९९१ च्या लेखातली गोष्ट. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे त्यांनी घरगुती हिंसाचाराचे विभागवार आकडे मागितले. तिथे वस्त्याच वर्णावर विभागलेल्या, त्यामुळे विभाग कळला की अंदाज येतो. पोलिसांनी दिले नाहीत. कारण विचारलं तर समजलं की घरगुती हिंसेविरुद्ध काम करणाऱ्यांनाच ते बाहेर यायला नको होते. त्यांना धास्ती होती की हा 'त्यांच्या वस्तीतला' प्रश्न आहे असं म्हणून सगळे हात झटकतील. अल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधींनाही नको होते, आधीच आमच्या माणसांना रानटी म्हणतात, त्यात ही भर. दोन्ही भीती अगदी रास्त. आणि दोघांच्या मध्ये त्या वस्त्यांतल्या मार खाणाऱ्या बायका.

त्याच लेखात अजून एक. लग्न करून अमेरिकेत आलेल्या परदेशी बायकोला कायमचा परवाना मिळण्याआधी दोन वर्षं नवऱ्याबरोबर काढावी लागतील असा कायदा १९८६ मध्ये झाला, खोट्या लग्नांना आळा घालायला. मार खाऊनही बायका राहू लागल्या, सोडलं तर देश सोडा. १९९० मध्ये सूट आली, मारहाण सिद्ध करा आणि सुटा. सिद्ध कशाने? पोलिसांचा अहवाल, डॉक्टरांचा कागद, समाजसेवकाचं पत्र. आता जिला भाषा येत नाही, एकटीने बाहेर पाठवत नाहीत, पोलिस बघून जी रस्ता बदलते, तिने हे कागद आणायचे. सूट होती, पण ती मिळवण्याइतकं बळ जिच्याकडे होतं तिलाच तिची गरज कमी होती.

म्हणून मला मोजणीपेक्षा दाराची काळजी जास्त वाटते. मदतीचं दार ज्या उंचीवर बसवलंय त्याच्या खाली कोण राहतं ते बघा.

---

चतकोर

उंबरठा, असहमत. दार कोणासाठी उंच आहे हे कळणार कसं, मोजल्याशिवाय? आणि मुळात या पाहण्या कुठे जातात तेही बघा. अमेरिकेची १९७० च्या दशकापासून चाललेली राष्ट्रीय पाहणी असो की इंग्लंडची, दोन्ही घरांचे दरवाजे ठोठावतात. फुटपाथवर झोपणाऱ्याला दरवाजा नाही. तुरुंगातले, सुधारगृहातले, मनोरुग्णालयातले लोक त्यात नाहीत. यात जे सापडतच नाहीत त्यांच्यावर सगळ्यात जास्त हात पडत असणार अशी माझी खात्री आहे आणि ती सिद्ध करायला माझ्याकडे पाहणी नाही. कशी असेल?

---

उंबरठा

मोजायला ना नाही. पण आकडा छापायच्या आधी ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांना विचारा, एवढं तर मान्य कराल?

---

चतकोर

ते मान्य. सोपं नाही, पण मान्य.

---

कोपरापासून_नमस्कार

पानगळ, एक बारीकसा प्रश्न. त्या बाईचा शेवटचा भाग भरलाच नाहीत, मग फॉर्मवर काय लिहिलंत? 'नकार दिला' असं तर नाही ना? तसं असेल तर तक्त्यात तिचा अर्थच उलटा झाला.

---

पानगळ

नाही, नकाराचा कोड वेगळा असतो. त्यासाठी एक स्वतंत्र चौकोन होता, 'एकांत मिळू शकला नाही'. मी त्यावर खूण केली. बदललेल्या पानावर, नीट, चौकोनाच्या बाहेर न जाता.

मधेच कोणी आत आलं, सासू उठेना, लहान मूल सोडेना, अशा सगळ्यांसाठी तोच चौकोन. तीन वर्षांत मी त्यावर कितीतरी वेळा खूण केली असेल. कोणासाठी कशामुळे केली ते लिहायला पुढे जागा नव्हती, आणि मीही कधी वहीत वेगळं लिहून ठेवलं नाही.